कापसाच्या हिरवळीवरील देवालय : मुंबईच्या टाउन हॉलचें परीक्षण

मुंबईच्या किल्ल्यांत, ज्या वर्तुळाकार बागेस १९४७ पासून हॉर्निमन सर्कल असें नांव आहे तिच्या पूर्वेस, टाउन हॉलची पांढरी इमारत उभी आहे. एशियाटिक सोसायटीचें ग्रंथालय तेथेंच असल्यामुळें या त्रैमासिकाच्या बहुतेक वाचकांनीं तिच्या तीस पायऱ्या केव्हां ना केव्हां चढल्या असतील. परंतु पोथी पाहावयास गेलेला मनुष्य पोथीच पाहतो. ती ज्या घरांत ठेविली आहे त्या घराकडे त्याचें लक्ष जात नाहीं. प्रस्तुत लेखकाचेंही तसेंच झालें. पहिल्या दोन खेपांस आम्हीं ग्रंथ पाहिले. तिसऱ्या खेपेस ग्रंथालय उघडण्यास अवकाश होता म्हणून पायऱ्यांवर बसून राहिलों, आणि त्या तासाभरांत जें मनांत आलें त्याचाच पुढें विस्तार केला आहे.

यवतमाळ जिल्ह्यांत वणीजवळ राजूर येथें राहणाऱ्या, शाळेंत संस्कृत शिकवून निवृत्त झालेल्या मनुष्यानें मुंबईच्या इमारतीविषयीं कां लिहावें, असा प्रश्न कोणी करील. त्यास उत्तर दोन पदार्थांचें आहे : चुना आणि कापूस. आमच्या गांवीं चुन्याच्या भट्ट्या आहेत. कळीचा चुना कसा विरतो, गिलावा कोठें धरतो आणि कोठें सुटतो, हें येथील पोरासही कळतें. त्यामुळें पांढरी भिंत दिसली कीं ती हातानें चांचपून पाहण्याची खोड अंगीं जडते. कापसाविषयीं तर सांगावयासच नको. वऱ्हाडचा कापूस विकावयास मुंबईस जाऊं लागला त्या काळीं तो ज्या मैदानांत उतरत असे, तें मैदान या इमारतीच्या समोरच होतें. त्यास इंग्रज लोक ‘ग्रीन’ म्हणत. आम्ही हिरवळ म्हणूं.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे. ही इमारत ग्रीक घाटाची नक्कल म्हणून उत्तम आहे. ग्रंथालय म्हणून ती भाग्यवान ठरली. परंतु ज्या बाजाराच्या शिरोभागीं ती उभी राहिली त्या बाजारास तिनें आसरा दिला नाहीं. तिच्या गुणांचें वर्णन पुष्कळांनीं केलें आहे. या न्यूनाचा विचार व्हावा तसा झालेला नाहीं. तो केल्यास बाजाराची खरी वास्तु कशास म्हणावें हा प्रश्न पुढें येतो, आणि त्याचा संबंध आपणां संग्राहकांच्या कर्तव्याशीं पोहोंचतो.

प्रथम इमारतीचा इतिहास. सर जेम्स मॅकिंटॉश यांनीं १८०४ त मुंबईस ‘लिटररी सोसायटी’ स्थापिली. तीच पुढें एशियाटिक सोसायटी झाली. शहरास एक मोठें सभागृह असावें ही कल्पनाही त्याच मंडळींतून निघाली. आरंभीं सोडत काढून द्रव्य उभारण्याचा उद्योग झाला. तो पुरेना तेव्हां कंपनी सरकारनें भार उचलला. बांधकामास १८२१ त आरंभ होऊन १८३३ त तें पुरें झालें. योजना कर्नल थॉमस कूपर या लष्करी इंजिनिअराची. स्तंभ इंग्लंडांतून गलबतांतून आले. त्यांपैकीं कांहीं अति जाड ठरल्यामुळें ते भायखळ्याच्या क्राइस्ट चर्च या देवळास दिले अशी आख्यायिका मुंबईविषयींच्या पुस्तकांतून वारंवार येते; आख्यायिका म्हणूनच ती येथें नोंदवितों. शेजारची टांकसाळ याच सुमारास, १८२४ ते १८२९ च्या दरम्यान, उभी राहिली. तिचेही स्तंभ ग्रीक घाटाचे, परंतु आयोनिक जातीचे आहेत. म्हणजे एकाच दशकांत एका मैदानाच्या कांठीं नाणें पाडणारें घर आणि सभेचें घर अशीं दोन घरें यवनदेशीय वेषानें सजून बसलीं, आणि मधल्या मैदानांत माल मात्र उघड्यावर राहिला.

आतां घाटाचा विचार करूं. टाउन हॉलच्या मुखमंडपाचे स्तंभ डोरिक जातीचे आहेत. या जातीचा विशेष असा कीं, स्तंभाच्या तळाशीं बैठक नसते. तो सरळ चौथऱ्यावर उभा असतो. मानसार, मयमत इत्यादि ग्रंथ वाचलेल्या मनुष्यास हें प्रथमदर्शनीं खटकतें. आपल्या शास्त्रांत उपपीठ, अधिष्ठान, स्तंभ, प्रस्तर असा चढता क्रम आहे. येथें अधिष्ठान स्तंभाचें न राहतां सगळ्या इमारतीचें झालें आहे, आणि तें तीस पायऱ्यांएवढें उंच आहे. स्तंभाची उणीव पायऱ्यांनीं भरून काढली असें म्हणावयास हरकत नाहीं. समोरून पाहणाऱ्याच्या मनांत जो दरारा उत्पन्न होतो त्याचें कारण स्तंभांपेक्षां या पायऱ्याच अधिक आहेत.

योगायोग असा कीं, टाउन हॉल पुरा झाला त्याच्या दुसऱ्याच वर्षीं, १८३४ त, राम राज या दाक्षिणात्य विद्वानाचा हिंदु वास्तुविद्येवरील इंग्रजी निबंध लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीनें प्रसिद्ध केला. त्यांत मानसारादि ग्रंथांच्या आधारें त्यानें आपल्या स्तंभांची ग्रीक-रोमन स्तंभांशीं तुलना केली आहे. स्तंभाची जाडी हें एकक धरून उंची किती पट, हें तिचें गमक. आठपट उंचीच्या आपल्या स्तंभास त्यानें डोरिकाच्या पंक्तीस बसविलें. वास्तविक अथेन्स येथील प्राचीन डोरिक स्तंभ जाडीच्या साडेपांचपटींच्या आसपास असतो, आणि रोमन ग्रंथकार विट्रुव्हिअस सातपट सांगतो; तेव्हां ही तुलना सर्वस्वीं चोख नाहीं. तथापि तिची दिशा बरोबर होती. परक्या घाटाकडे आपल्या शास्त्राच्या डोळ्यानें पाहावें, आणि आपल्या घाटाचें मोजमाप परक्यासही कळेल असें मांडावें, ही दृष्टि राम राजाची आहे. मुंबईच्या ग्रीक इमारतींवर लिहितांना ती फारच थोड्यांनीं वापरली.

हस्तलिखितांच्या व्यवहारांत मुरलेल्या वाचकांस आम्ही एक उपमा सुचवितों. ही इमारत म्हणजे प्रतीच्या प्रतीची प्रत आहे. ग्रीकांचें मूळ देवालय लाकडी होतें आणि दगडांत तें मागाहून उतरलें, असें विट्रुव्हिअसच सांगतो. स्तंभांवरील पट्टींत ठराविक अंतरानें जे उभे खांचदार ठोकळे असतात त्यांस तो तुळयांच्या टोंकांची स्मृति मानतो. आपल्याकडे कार्ल्याच्या चैत्यांत दगडी छतास लाकडी कमानी बसविलेल्या आहेत. तेथें स्मृति आणि मूळ पदार्थ शेजारीं शेजारीं पाहावयास मिळतात. पुढें स्टुअर्ट व रेव्हेट या दोघांनीं अथेन्सच्या अवशेषांचीं मापें घेऊन जो ग्रंथ काढला त्याचा पहिला खंड १७६२ त निघाला. अशा ग्रंथांच्या पानांवरून हा घाट इंग्लंडांत रुजला आणि तेथून कंपनीच्या इंजिनिअरांबरोबर इकडे आला. लाकडावरून दगड, दगडावरून कागद, कागदावरून पुनः दगड : इतक्या हातांतून उतरलेली प्रत असूनही ती अशुद्ध झालेली नाहीं, ही कूपरची योग्यता होय. नकलनवीस निष्णात होता.

परंतु चांगल्या प्रतींतही लेखकाच्या देशाची कांहीं खूण राहतेच. येथें ती खिडक्यांत आहे. मुखमंडपाच्या दोन्ही अंगांस असलेल्या खिडक्यांवर लाकडी झिलमिलीचे छाजे आहेत. अथेन्सच्या देवालयास त्यांची गरज नव्हती. मुंबईच्या उन्हास आणि आषाढाच्या सरींस होती. शुद्ध ग्रीक घाटाचे अभिमानी या छाज्यांस प्रक्षिप्त म्हणतील. आमच्या मतें सबंध इमारतींत जर कोठें या भूमीशीं संवाद झाला असेल तर तो याच प्रक्षेपांत. चुन्याच्या गांवचा मनुष्य आणखी एक गोष्ट सांगूं शकेल. पांढऱ्या रंगाची जी शोभा भूमध्यसागराच्या कोरड्या हवेंत आपोआप टिकते ती मुंबईस दर पावसाळ्यानंतर विकत घ्यावी लागते. खाऱ्या दमट हवेंत गिलावा फुगतो, पोपडे धरतो. घाट उचलतां येतो, हवा उचलतां येत नाहीं. हें उसन्या शैलीचें व्याज आहे आणि तें पिढ्यानुपिढ्या भरावें लागतें.

येथवर जें झालें तें इमारतीचें रूप. आतां तिच्या समोरच्या मैदानाकडे वळूं, कारण आमचा मुख्य आक्षेप तेथें आहे. टाउन हॉलच्या भिंती वर येत होत्या त्याच वर्षांत, १८२५-२६ च्या सुमारास, विकाजी व पेस्तनजी या पारशी बंधूंच्या पेढीनें वऱ्हाडचा कापूस प्रथमच मोठ्या प्रमाणावर मुंबईस पाठविला. पांचशें बैलांच्या पाठीवरून तो गेला. तेव्हां आगगाडी नव्हती; नागपुरास रेल्वे पोहोंचली ती १८६७ त. घाट उतरून आलेल्या अशा मालाचे ढीग हिरवळीवर रचले जात, तेथेंच त्यांचा सौदा होई. पाऊस आला, ठिणगी पडली, चोरी झाली, तरी त्या ढिगांवर छप्पर नव्हतें. इंग्लंडांतून स्तंभ आणण्यास गलबतें मिळालीं. शंभर पावलांवर भिजणाऱ्या कापसावर चार पत्रे, निदान गवताचें एखादें छप्पर, घालण्याची गोष्ट त्या योजनेंत बसली नाहीं. अखेर १८४४ त कापसाचा बाजार कुलाब्यास हलविण्यांत आला. पुढें विसाव्या शतकांत तो शिवडीकडे गेला. हिरवळीचें नांव मात्र मालाबरोबर चालत गेलें; आज ‘कॉटन ग्रीन’ म्हणून जें रेल्वेचें स्थानक आहे तेथें या नांवाचा तिसरा मुक्काम आहे.

कापूस गेला तरी दलाल राहिले. १८५० नंतरच्या दशकांत कंपन्यांच्या भागांची खरेदीविक्री करणारे दलाल टाउन हॉलसमोरील वडाच्या झाडाखालीं जमत. मुंबईच्या शेअर बाजाराचा उगम तो हाच. समोर एवढा भव्य मंडप असतां हे लोक झाडाखालीं कां उभे राहिले? मंडप सरकारी होता, पायऱ्या उंच होत्या, आणि तेथें उभें राहण्याचा त्यांस अधिकार कोणी दिला नव्हता, हें एक कारण. दुसरें कारण अधिक महत्त्वाचें आहे. सौदा करणाऱ्यास चार बाजूंनीं येतां यावें लागतें, चार बाजूंस दिसावें लागतें, आणि शब्द फिरविल्यास तो ऐकणारे साक्षीदार जवळ असावे लागतात. वडाची सावली ही गरज पुरवीत होती. देवालयाच्या घाटास एकच तोंड असतें. बाजारास चार लागतात.

ही अडचण मुंबईपुरती नव्हती. ज्या लिव्हरपूलला वऱ्हाडचा कापूस शेवटीं जाई तेथें जॉन वुड या शिल्पकारानें १७४९ ते १७५४ त व्यापाऱ्यांकरितां मुद्दाम एक्स्चेंज बांधिलें. त्याचा मधला चौक अंधारा व कोंदट झाला, म्हणून व्यापारी बाहेर रस्त्यावरच सौदे करीत. तीच इमारत पुढें तेथील टाउन हॉल झाली. कापसाचे दलाल एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत तिच्या मागच्या फरसबंदीवर थंडीवाऱ्यांत उभे राहत. १९०६ त त्यांनीं स्वतंत्र भव्य इमारत उभारली. तिचा दर्शनी भाग १९६७ त पाडला गेला. उलट सेंट पीटर्सबर्ग येथें तोमां द तोमों यानें १८०५ ते १८१० त बांधलेल्या बाजारगृहास चारी बाजूंनीं ४४ डोरिक स्तंभ आहेत आणि मध्यें एकच प्रशस्त दालन आहे. लंडनचें रॉयल एक्स्चेंज विल्यम टाइट यानें पुनः बांधिलें आणि राणी व्हिक्टोरियानें तें १८४४ त उघडलें. त्याच्या पुढें आठ कोरिंथियन स्तंभांचा मंडप आहे, पण जीव मधल्या मोकळ्या चौकांत आणि भोंवतालच्या ओवऱ्यांत होता. तेथें व्यापाऱ्यांस चौक मिळाला त्याच वर्षीं मुंबईंत कापसास हिरवळ सोडावी लागली. एकाच राज्याच्या दोन शहरांतील या दोन गोष्टी शेजारीं ठेवून पाहिल्या म्हणजे टाउन हॉलच्या स्तंभांविषयीं आपला आदर कमी होत नाहीं. परंतु त्यांच्या मालकांच्या विचारांची वांटणी कशी होती हें समजतें.

मुंबईंत या न्यूनाची भरपाई अंशतः झाली ती हिरवळीभोंवतीं एल्फिन्स्टन सर्कल बांधिलें तेव्हां. पोलीस कमिशनर चार्ल्स फॉर्जेट यांची ही सूचना. अमेरिकेंतील यादवीमुळें कापसाचा पैसा वाहत होता त्या काळांत तिला गति मिळाली आणि १८७२ च्या सुमारास तें काम पुरें झालें. एकसारख्या उंचीच्या, एकसारख्या मुखांच्या इमारती बागेभोंवतीं वर्तुळांत उभ्या आहेत आणि त्यांच्या तळमजल्यास सलग कमानदार ओवरी आहे. या ओवरींतून मनुष्य उन्हापावसांत न भिजतां चालूं शकतो, थांबूं शकतो, बोलूं शकतो. परीक्षक म्हणून आमचा कौल विचाराल तर बाजाराच्या दृष्टीनें या ओवरीची योग्यता टाउन हॉलच्या मुखमंडपाहून अधिक आहे. दुर्दैव एवढेंच कीं ती उशिरां आली. कापूस तीस वर्षांपूर्वींच गेला होता, आणि दलालही येथून उठून दुसऱ्या झाडाखालीं गेले होते. १८७४ त त्यांस आजच्या दलाल स्ट्रीटवर कायमची जागा मिळाली.

मग बाजाराची खरी वास्तु ती कोणती? याचें उत्तर आपल्याच महाराष्ट्राच्या शिलालेखांत सांपडतें. कार्ल्याचें शैलगृह वैजयंतीच्या भूतपाल नांवाच्या श्रेष्ठीनें पूर्ण करविलें. व्यापाऱ्याच्या धनानें देवस्थान झालें. देवस्थानाचें रूप व्यापारावर चढविलें गेलें नाहीं. त्याहून बोधप्रद लेख नाशिकच्या लेण्यांत आहे. नहपानाचा जांवई उषवदात यानें तेथें राहणाऱ्या भिक्षूंकरितां तीन हजार कार्षापणांची अक्षयनीवि दिली आणि ती गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेविली : दोन हजार दरमहा शेंकडा एक व्याजानें आणि एक हजार शेंकडा पाऊण व्याजानें. मुद्दल परत घ्यावयाचें नाहीं, व्याजावर वस्त्रें द्यावयाचीं. हें सर्व निगमसभेंत वाचून दाखविलें व रीतीप्रमाणें नोंदविलें, असें लेखांत स्पष्ट आहे. ती निगमसभा दगडाची होती कीं लाकडाची, तिला किती खांब होते, याचा मागमूस आज नाहीं. परंतु तिचें कार्य आपणांस कळतें : चारचौघांत श्रवण आणि लेखांत निबंधन. बाजारगृहाची ही व्याख्या आम्हांस पुरेशी वाटते. जेथें शब्द ऐकला जातो आणि लिहिला जातो तें बाजारगृह, खांब त्यानंतरचे.

या व्याख्येनें पाहतां वऱ्हाडनें मुंबईपेक्षां पुढचें पाऊल टाकलें होतें. कारंजा येथें १८८६ त कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. हिंदुस्थानांतील अशा प्रकारचा तो पहिला मानतात. पुढें १८९७ त वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. बाजाराचें आवार ठरलें, तोलणाऱ्यास परवाना लागूं लागला, देखरेखीस समिति आली. रुमालाखालीं बोटें धरून भाव ठरविण्याच्या जुन्या रीतींत कास्तकारास स्वतःच्या मालाचा भाव कळत नसे. तिला उघड्या भावानें आणि लेखी पावतीनें शह बसला. कापूस पिकविणाऱ्याचा आवाज त्या समित्यांत पुढें पुष्कळ काळ क्षीणच होता, हें विसरतां येत नाहीं. तथापि आमच्या भागांतील आवारें म्हणजे एक कुंपण, गाड्या उभ्या करण्याची जागा, कांटा आणि टिनाची पडवी. या पडवीस कोणी वास्तुशिल्प म्हणणार नाहीं, पण निगमसभेची वंशपरंपरा तिच्याकडे आहे, ग्रीक मंडपाकडे नाहीं.

येथें एक खेदाची गोष्ट सांगणें प्राप्त आहे. कांहीं वर्षांपूर्वीं वणीच्या एका जुन्या अडत्याचा वाडा पाडला जात असल्याचें कळलें म्हणून आम्ही तेथें गेलों. उद्देश असा कीं एखादी पोथी, एखादें जुनें पंचांग हातीं लागावें. पोथ्या मिळाल्या नाहींत. ओसरीवर लाल कापडाच्या बांधणीच्या वह्यांचा छातीइतका ढीग होता. आम्हीं वरवर चाळून त्यांस बाजूस सारलें, कारण आमच्या मनांत संग्रहणीय म्हणजे संस्कृत, फार तर बखर. आठ दिवसांनीं मनास चुटपुट लागून पुनः गेलों तों ढीग रद्दींत वजनावर गेला होता. विटांखालीं दडपलेल्या दोनच वह्या राहिल्या होत्या. त्या आतां आमच्यापाशीं आहेत. प्रत्येक ओळींत गाडी कोणत्या गांवची, कास्तकार कोण, कापूस किती, भाव काय, आणि त्यांतून हमाली, तोलाई, अडत, कडता, धर्मादाय यांची वजावट किती, असें मोडींत लिहिलें आहे. एका पानावर पावसानें भिजलेल्या मालाचा भाव उतरल्याची टीप आहे. हिरवळीवर भिजलेल्या कापसाविषयीं जें आम्हीं वर अनुमानानें लिहिलें, त्यासारखा प्रसंग येथें आंकड्यांनीं नोंदलेला आहे. उरलेल्या ढिगांत काय होतें तें सांगावयास आतां कोणी नाहीं, आणि त्याचा दोष आमचाच आहे.

टाउन हॉलचा गिलावा पडला तर तो पुनः लावतां येईल. त्याचीं मापें आहेत, चित्रें आहेत, त्यावर प्रेम करणारीं माणसें आहेत. तें योग्यच आहे. ती इमारत व्यापाऱ्यांस लाभली नाहीं तरी ग्रंथांस लाभली, आणि आपल्यासारख्यांवर तिचे उपकार आहेत. तिची निंदा करावी हा या लेखाचा हेतु नाहीं. हेतु हा कीं बाजाराच्या वास्तूचा अभ्यास करणारांनीं दर्शनी स्तंभांपाशीं थांबूं नये. कापसाच्या व्यापाराची निगमसभा ज्या वह्यांत, तोलपावत्यांत आणि बाजारसमित्यांच्या जुन्या ठरावांत टिकून आहे, त्या अद्याप जिनांच्या कोठारांत, वाड्यांच्या माळ्यांवर पडून आहेत. मोडी वाचणारे हात दिवसेंदिवस कमी होत आहेत. वाचकांपैकीं ज्यांचा वर्धा, हिंगणघाट, वणी, यवतमाळ, अमरावती, अकोला, कारंजा या बाजूंस संबंध असेल त्यांनीं अशा वह्या आढळल्यास निदान त्यांचें स्थळ, काल आणि पृष्ठसंख्या एवढी तरी टिपून मंडळाकडे पाठवावी. आमच्याजवळच्या दोन वह्यांची सूची तयार आहे. ती पाहावयास हवी असल्यास राजुरास येणाऱ्याचें स्वागत आहे. लेखांत प्रमाद राहिले असतील ते विद्वानांनीं दाखवावे, म्हणजे सुधारूं.